नाशिकची असून ढोल येत नाही?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो एका मल्याळी मुलीने! फर्स्ट इयरचा पहिला आठवडा. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी आपापल्या बॅगा कॉटखाली ढकलत होतो. "तू कुठली?" "नाशिक." बाईसाहेबांचे डोळे एकदम चमकले. "नाशिक ढोल!!"

तिला पंचवटी माहीत नव्हती, कुंभमेळा ऐकून होती, द्राक्षांशी तर काही देणंघेणंच नव्हतं. पण केरळात उत्सव असो, लग्न असो, नाहीतर निवडणूक जिंकलेल्या उमेदवाराची मिरवणूक असो, तिथे पोरं ढोल बडवतात आणि त्या वादनाला चक्क 'नाशिक ढोल' म्हणतात. म्हणजे आमच्या गावाचं नाव हजार किलोमीटरवर ढोलामुळे पोचलं होतं, आणि मी नाशिकची मुलगी, अठरा वर्षांत ढोलाला बोटही लावलेलं नव्हतं. ढोल ऐकला होता तो गॅलरीतून, आईच्या शेजारी उभं राहून.

तालवाद्य अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या कॉन्व्हेंटला बँड होता. पाचवी ते दहावी मी त्यात साईड ड्रम वाजवला. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, स्पोर्ट्स डे. समोर कागद, कागदावर काळी टिंबं, टिंबांना शेपट्या. सिस्टर पट्टीने टेबलावर ठोके द्यायच्या आणि आम्ही टिंबं वाचून वाजवायचो. ताल म्हणजे वाचायची गोष्ट, हा माझ्या डोक्यातला हिशोब तिथला.

तर मंडळी, सेकंड इयरला जुलैमध्ये मेसच्या नोटीस बोर्डावर कागद लागला : "कॉलेजचे ढोल-ताशा पथक. नवीन वादक हवेत. सायंकाळी ६ वाजता वर्कशॉपमागील मैदान." रूममेटने मला जवळजवळ ओढतच नेलं. ती स्वतः ध्वजाला लागली आणि मी ढोलाला.

आता ज्यांनी फक्त लांबून ढोल पाहिलाय त्यांच्यासाठी थोडी माहिती. ढोल गळ्यात नसतो, कमरेला बांधतात. आमच्या पथकातला मधल्या आकाराचा ढोल मेसच्या वजनकाट्यावर (मावशींची नजर चुकवून) नऊ किलो भरला. एका बाजूला टिपरू मारायचं, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. वाजवण्याआधी दोरी ओढून पान ताणायचं. हे काम दोघांचं : एकाने गुडघा लावून ढोल दाबायचा, दुसऱ्याने दोरी खेचायची. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये 'टेन्शन' हा शब्द आम्ही वर्षभर लिहिला. तो तळहाताला कळला या मैदानावर. पहिल्या आठवड्यात कमरेवर दोरीचे वळ उठतात. दुसऱ्या आठवड्यात बोटांची सालं निघतात, मग मेडिकलमधून चिकटपट्टीचा रोल आणून प्रत्येक बोट गुंडाळायचं. तिसऱ्या आठवड्यात मशीन ड्रॉईंगची शीट काढताना पेन्सिल धरवत नाही. (आमच्या बॅचच्या शीटवरच्या रेघा थरथरत्या का आल्या, याचा खुलासा संबंधित सरांनी इथे वाचावा.)

पण खरी पंचाईत वेगळीच होती. इथे कागदच नव्हता!

शिकवणारे सिनियर तोंडाने बोल म्हणायचे आणि आम्ही मागून म्हणायचे. आधी नुसतं तोंडाने, मग टाळीने, मग मांडीवर, आणि शेवटी ढोलावर. पहिले चार दिवस ढोल बांधूच दिला नाही. नवीन वीस-पंचवीस जण मैदानात गोल करून मांड्या बडवतायत आणि तोंडाने "धिन्-ताड" करतायत, हे वर्कशॉपचे मामा दाराशी उभे राहून बघायचे. मी आपली शाळेच्या सवयीने रात्री खोलीत जर्नलच्या मागच्या पानावर ते सगळं टिंबा-शेपट्यांत उतरवून काढलं. दुसऱ्या दिवशी वही मैदानात नेली. आमच्या ताशेवाल्या दादाने ती उलटी-सुलटी करून पाहिली, म्हणाला, "हे काय, मुंग्यांची वरात?" आणि वही शांतपणे माझ्या सॅकमध्ये ठेवून दिली. "म्हण. तोंडात बसलं की हातात आपोआप येतंय."

या दादाबद्दल सांगायला हवं. तो डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, आता फायनलला आहे. सांगलीकडचा. पथकात ढोल तीस, पण ताशे पाच, आणि त्या पाचांत पुढे तो. ताशा म्हणजे पसरट धातूचं भांडं, त्यावर पातळ पान, आणि वाजवायला दोन बारीक काड्या. ढोलाच्या निम्माही नाही आकाराने, पण पथक चालतं ताशावर. लय चढवायची, उतरवायची, एका तालातून दुसऱ्यात जायचं, थांबायचं, हे सगळं ताशेवाला ठरवतो. ढोल हुकूम पाळतो. काड्या इतक्या जलद पडतात की सुटे ठोके ऐकूच येत नाहीत, एक अखंड सळसळ होते. तिला तर्री म्हणतात. दादाची तर्री सुरू झाली की लेडीज हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्याही पुस्तक मिटतात (कंटाळून की आवडून, ते ज्याचं त्याने ठरवावं).

हाच दादा व्हायवाला मात्र एकदम गप्प. विषय येत नाही म्हणून नव्हे. एक्स्टर्नल इंग्रजीत प्रश्न विचारतात आणि हा मनात मराठीत उत्तर जुळवून त्याचं इंग्रजी करेपर्यंत ते पुढच्या रोल नंबरवर गेलेले असतात. मग आमचा सौदा ठरला. त्याने मला ताशा शिकवायचा, मी त्याला व्हायवाची इंग्रजी उत्तरं म्हणून घ्यायची. पद्धत त्याचीच : आधी तोंडात बसवायचं! थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आम्ही कँटीनच्या पायऱ्यांवर टाळ्या देत देत म्हटलाय. लोक बघायचे.

ऑगस्टमध्ये आम्ही दोन रांगा करून चालत वाजवायला लागलो आणि एक गंमत लक्षात आली. जागेवर गोल करून वाजवताना सगळं एकत्र यायचं. रांग लावली की मागचे हटकून मागे पडायचे. सिनियर ओरडायचे, "मागची लाईन, झोपलाय का?" मागचे म्हणायचे, आम्ही बरोबर ऐकून वाजवतोय. आणि खरोखर ते ऐकूनच वाजवत होते!

मी एका असाइनमेंटच्या मागे हिशोब मांडला. एका रांगेत पंधरा ढोल, दोघांत पावणेदोन मीटर अंतर, म्हणजे पहिल्यापासून शेवटचा साडेचोवीस मीटरवर. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला ७१ मिलिसेकंद. तो ऐकून शेवटच्याने थाप मारली, ती पुढे परत यायला आणखी ७१. पुढच्याच्या कानाला मागचा १४२ मिलिसेकंद उशिरा. लय चढून सेकंदाला सहा आघात पडायला लागले की दोन आघातांत अंतर उरतं अवघं १६७ मिलिसेकंद. म्हणजे मागचा जवळजवळ पूर्ण एक आघात मागे! त्याचा काही दोष नसताना. ऑर्केस्ट्रापुढे तो कंडक्टर हवेत काडी का हलवत असतो, हे मला त्या दिवशी समजलं. आवाज उशीर करतो, प्रकाश करत नाही.

मी मोठ्या उत्साहाने कागद दादाकडे नेला. त्याने यावेळी वही परत सॅकमध्ये ठेवली नाही, पूर्ण वाचली. मग म्हणाला, "बरोबर आहे. म्हणून तर टोलवाला हात डोक्याच्या वर नेतो. मागच्यांनी कानानं नाही, डोळ्यानं वाजवायचं." टोल म्हणजे ती धातूची जाड तबकडी. मी समजत होते टोलवाला जोशात येऊन हात उंच उचलतो. अहो, तो सिग्नल होता! कुणीतरी, कधीतरी, मिलिसेकंद न मोजता हे शोधून काढलेलं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांच्या पथकांनी लक्ष्मी रोडवर वर्षानुवर्षं रांगा चालवल्या, त्यांच्याकडून बघून बघून हे आमच्यासारख्या पथकांत आलं असावं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मागच्या रांगेला टोलवाला दिसेल असं उभं केलं, उंच पोरं मागे आणि बुटकी पुढे. मी पुढे गेले, हे सांगायला नको.

आता थोडं आवाजाबद्दल, कारण स्टाफ क्वार्टर्समधली मंडळी हे वाचतील.

आमच्या लॅबमधला साऊंड लेव्हल मीटर आम्ही रीतसर सही करून एक संध्याकाळ मैदानात आणला. वादन सुरू असताना रांगेत उभं राहून काटा शंभराच्या खाली यायला तयार नव्हता. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. आणि अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तासच काढावेत, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटं! आम्ही रोज दोन तास वाजवत होतो. मी हा तक्ता करून मेसच्या बोर्डावर लावला आणि फोमचे इअरप्लग आणले. पोरांनी यथेच्छ टिंगल केली. ढोल वाजवायचा आणि कानात बोळे? पोहायला जायचं आणि रेनकोट?

टिंगल थांबली ती दादामुळे. त्याने कुणाशी काही न बोलता एक जोडी उचलली आणि कानात घातली. नंतर मला म्हणाला, "रात्री दिवा घालवला की डाव्या कानात रातकिडे ओरडतात. दोन वर्षं झाली." वय किती त्याचं, बावीस. ताशा ढोलापेक्षा चिरका, आणि तो कानापासून हातभर अंतरावर. आता पथकात नियम आहे, इअरप्लगशिवाय ढोल मिळत नाही, आणि सराव सहा ते साडेसात, मध्ये वीस मिनिटं सुट्टी. मुलींना त्यामुळे हॉस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परतताही येतं, नाहीतर रेक्टर मॅडमसमोर रोज एक नवीन कारण सांगावं लागायचं. क्वार्टर्समधून फोन येणं पूर्ण थांबलं असं नाही म्हणणार. पण एका सरांच्या आई आजारी होत्या तेव्हा आम्ही आठवडाभर नुसत्या मांडीवर सराव केला, आणि मला वाटतं तो आठवडा आमचा सगळ्यात चांगला गेला. मांडीवर एकमेकांचं चुकलेलं लपत नाही.

विसर्जनाबद्दल फार लिहीत नाही. ते प्रत्येक जण लिहितो. आपलं पथक सुपारी घेत नाही, आपल्याच गणपतीपुढे वाजवतं. मुख्य गेट ते घाट, मोजून दीड किलोमीटर, अडीच तास. मध्येच पाऊस, पान ओलं, ढोलाचा आवाज मेसच्या चपातीसारखा. रूममेटने ध्वज नाचवत नाचवत केरळला व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "ओरिजिनल नाशिक!" झालं.

मला सांगायचंय ते जानेवारीतल्या गॅदरिंगचं.

गॅदरिंगला पथकाचं दहा मिनिटांचं वादन ठरलं. कुणीतरी सुचवलं, नुसतं ढोल-ताशा काय दरवर्षी, मध्ये हलगी टाकू. हलगी म्हणजे ते एका हाताने धरून दोन काड्यांनी वाजवायचं चामड्याचं कडं. कुस्तीच्या मैदानात, जत्रेत वाजतं. स्टेजवर फारच उठून दिसेल. आणि वाजवणार कोण? सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. त्याला येत असणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

तो म्हणाला, "मी नाही वाजवणार."

पोरांना वाटलं भाव खातोय. आग्रह सुरू झाला. अरे कला आहे, लाजायचं काय त्यात, आपलीच संस्कृती वगैरे. तो उठून ताशाची दोरी सारखी करत बसला. नंतर कँटीनच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "माझा आजा हलगी वाजवायचा. तो शिकला नव्हता, नेमलेला होता." गावात लग्न असलं की मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं. मयत असली की पुढे चालायचं. पंगती उठल्या की शेवटी ताट. नाही म्हणायची सोय नाही. बाप साखर कारखान्यावर लागला तेव्हा त्याने हलगी खाली ठेवली, ती घरात परत आली नाही. "मग ताशा कसा काय?" मी विचारलं. ताशा तो शेजारच्या चाचांकडे शिकला, मोहरममध्ये. कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, त्याचं गाव त्याच भागातलं. तिकडे मोहरमला सगळं गाव जमतं. "ताशा मी मागून घेतला," तो म्हणाला. "चाचा नको म्हणत होते, अभ्यास कर म्हणत होते. मी हट्टानं शिकलो."

आम्ही ज्याला बलुतेदारी म्हणून समाजशास्त्राच्या पुस्तकात दोन मार्कांसाठी पाठ केलं, ते हे. लायब्ररीत शोधलं तर सापडलं की गावकामाची ती कनिष्ठ वतनं कायद्याने १९५८ साली रद्द झाली. कायदा झाला तेव्हा त्याचा आजा लहान मुलगा असणार. म्हणजे आजा वाजवत होता तो कायद्याच्या नंतर, बरीच वर्षं.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि ती माझ्या सोयीची राहिली नाही. पुढच्या मीटिंगला फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा राहिला, लातूरकडचा. म्हणाला, "हलगी मी वाजवतो. माझ्या घरची आहे." मग दादाकडे बघून, जरा तावातच, "आपल्या लोकांनी ठेवून दिली तर दुसरे उचलतील आणि आपल्यालाच शिकवतील." खोलीत अशी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दोघं एकाच समाजाचे हे आम्हाला बहुतेकांना तेव्हा समजलं. कोण बरोबर, यावर हॉस्टेलमध्ये पुढे आठवडाभर चर्चा झाल्या, त्यात सगळ्यात जास्त बोलले ते ज्यांच्या घरी कधी काही वाजवावं लागलं नव्हतं असे. मी बोलले नाही. साईड ड्रमवालीने त्यात काय बोलावं?

गॅदरिंगच्या संध्याकाळी थंडी पडली होती. लातूरचा मुलगा विंगेत हलगी घेऊन उभा, पान सैल पडलेलं, आवाज बसका. दादा आला, हलगीवर एक टिचकी मारली, म्हणाला, "मेसच्या शेगडीवर तापव. लांबून धर. घाई करू नको." मुलगा पळत गेला आणि तापवून आणली. मग ती अशी कडाडली की पहिल्या रांगेतल्या प्रिन्सिपॉल सरांनी दचकून चहाचा कप खाली ठेवला. दादाने त्या दोन मिनिटांत ताशा वाजवला नाही, काड्या खाली धरून उभा राहिला. हलगी थांबली त्याच ठोक्याला त्याने तर्री उचलली. मध्ये एवढीही फट नाही.

हे झालं जानेवारीत. सध्या फायनल इयरवाल्यांची कॅम्पसची धावपळ चालू आहे. मागच्या आठवड्यात दादा त्याचा फॉर्म माझ्याकडे इंग्रजी तपासायला घेऊन आला. सगळं नीट. शेवटी 'हॉबीज'पुढे लिहिलं होतं : क्रिकेट, रीडिंग. मी त्याला बॅट धरलेलं कधी पाहिलेलं नाही.

"ताशा का नाही लिहिला?"

"लिहिला तर विचारतील, कुठं शिकलास. कसं वाजवतात. एवढं सगळं इंग्लिशमध्ये कोण सांगणार?"

"तू."

मग तीन संध्याकाळी आम्ही तेच केलं. पान म्हणजे मेम्ब्रेन, सोपं होतं. काडी म्हणजे स्टिक. चाचांना काय म्हणायचं? शेजारी म्हणून भागेना. शेवटी 'माय टीचर' लिहिलं. रांगेचा ७१ मिलिसेकंदांचा हिशोब त्याने माझ्याकडून परत मागून घेतला, म्हणाला हा टेक्निकल राऊंडला कामाला येईल. हलगीबद्दल काही लिहायचं नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. तर्रीपाशी अडलो. मी म्हटलं, अरे, आमच्या साईड ड्रमला हेच असतं, त्याला 'रोल' म्हणतात. पायरीवर दोन पेन्सिली घेऊन त्याला करून दाखवला, जसा सिस्टरांनी शिकवला होता तसा, आधी हळू, मग दुप्पट, मग चौपट. तो मान वाकडी करून, उजवा कान पुढे करून ऐकत राहिला.

"म्हणजे तुमच्या सिस्टरला पण तर्री येत होती की!"

फॉर्म गेलाय. त्यात आता ताशा आहे. टी-ए-एस-एच-ए, स्पेलिंग दोनदा तपासलं. इंटरव्ह्यू पुढच्या मंगळवारी.